तुंबलेली मोरी आणि आपण



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण सफाई कामगारांच्या संघटनेत झाले. तेव्हा आम्ही गटाराविषयीच बोलणार. पाऊस महिन्यावर आला आहे, म्हणून विषय अवेळी नाही.

मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी, मैल्याची वाहिनी वेगळी. पण पुष्कळ इमारतींत गच्चीचे पाणी गुपचूप मैल्याच्या वाहिनीत सोडलेले असते. मग ती भरून वाहते आणि तळमजल्याच्या मोरीतून घाण उलटी वर येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यापुढे कोणाचे चालणार? पण एरवीचे तुंबणे बरेचसे आपल्या हातचे आहे.

तळणीचे तेल नळीत थिजते. त्याला भात, चहाचा चोथा, केस चिकटतात. संडासात कापड किंवा सॅनिटरी पॅड पडले की काम पुरे झाले. म्हणून तेल डब्यात साठवा, मोरीला जाळी बसवा, मे महिन्यात चेंबर साफ करून घ्या. चार इंची नळी घालताना चाळीस फुटांत एक फूट उतार मागून घ्या.

तरीही तुंबले, तर झाकणे उघडून पाहा. एक चेंबर भरलेले आणि पुढचे कोरडे असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये. बाहेर उभे राहूनच कोरड्या बाजूने बांबूच्या कामट्या सारा. अॅसिड ओतू नका. ते मागाहून काम करणाऱ्याच्या अंगावर उडते.

आणि माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे नव्हे.

एका सोसायटीचे चिटणीस आमच्या सोबत्याला म्हणाले, "पाच मिनिटांचे काम, उतर की!" आम्ही आड आलो. यंत्राने साफ केले, तेव्हा निघाले काय? चिंध्यांचा बोळा आणि थिजलेले तेल. त्यांच्याच घरांतले!

सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारात उतरवणे हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तीस लाखांत पोरांना बाप मिळत नाही.

तेव्हा उद्या मोरीत काही टाकताना, ते काढायला कोण येणार, एवढे आठवा. आम्ही आपली रजा घेतो.