निक्सन यांचें त्या रात्रीचें भाषण

वक्तृत्वाची पारख कानांनीं करावयाची कीं डोळ्यांनीं, हा प्रश्न २६ सप्टेंबर १९६० च्या रात्रीं अमेरिकेंत उपस्थित झाला. त्या रात्रीं शिकागो येथील दूरचित्रवाणी केंद्रांत अध्यक्षपदाचे दोन उमेदवार वादासाठीं उभे राहिले: डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केनेडी, आणि परंपरानिष्ठ गणल्या जाणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन. सुमारें ७ कोटि लोकांनीं तो वाद पाहिला. त्यांत निक्सन यांची फजिती झाली, असें तेव्हांपासून सांगितलें जात आहे. परंतु हा निवाडा न्याय्य आहे काय?

त्याच्या पुष्ट्यर्थ पुढें केलीं जाणारीं कारणें पाहावीं. निक्सन यांचा चेहरा ओढलेला दिसला, गालांवर दाढीची छाया होती, करडा पोशाख मागील भिंतीच्या रंगांत मिसळून गेला. हें सर्व खरें आहे. गुडघ्याच्या जंतुदोषामुळें ऑगस्टच्या अखेरीपासून जवळजवळ दोन आठवडे ते रुग्णालयांत होते. पण यांतील एक तरी दोष विचाराचा आहे काय? वक्ता अशक्त असला म्हणजे त्याचा युक्तिवादहि अशक्त ठरतो, असें कोणतेंहि तर्कशास्त्र सांगत नाहीं.

शब्दांकडे वळतां निराळें चित्र दिसतें. देशाची प्रगति मंदावली आहे, हा केनेडी यांचा आरोप. त्यास उत्तर देतांना निक्सन यांनीं आंकडे मांडले: कुटुंबाचें सरासरी उत्पन्न ट्रूमन यांच्या कारकीर्दींत शेंकडा २ नें वाढलें, तर आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दींत शेंकडा १५ नें. विरोधकांच्या योजनांस प्रतिवर्षीं निदान १३.२ अब्ज डॉलर अधिक लागतील, असें सांगून ते थांबले नाहींत. स्वपक्षाच्या योजनांसहि निदान ४ अब्ज अधिक लागतील, हें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. सरकार किती खर्च करतें हा प्रश्न नसून तें योग्य तेंच करतें कीं नाहीं, आणि लोकांच्या स्वतःच्या कर्तृत्वास चालना देतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न होय, हें त्यांचें प्रतिपादन होतें.

प्रतिस्पर्ध्याशीं ते वारंवार सहमत झाले, हा दुसरा आक्षेप. मतभेद ध्येयांविषयीं नसून साधनांविषयीं आहे, असें ते म्हणाले. प्रचाराच्या हिशेबीं हें महाग पडलें असेल. पण नसलेला मतभेद उभा न करणें यास दुबळेपणा म्हणावयाचें, तर प्रामाणिकपणा कशास म्हणावयाचें?

रेडिओच्या श्रोत्यांस निक्सनच सरस वाटले, ही कथा त्यांच्या बचावार्थ नेहमीं सांगण्यांत येते. तिच्यामागील पाहणी तोकडी असल्यामुळें तिच्यावर भार टाकणें बरें नव्हे. बचावास तिची गरजहि नाहीं. त्या रात्रीचा शब्दन्‌शब्द छापील स्वरूपांत उपलब्ध आहे.

१९७४ सालीं वॉटरगेट प्रकरणामुळें निक्सन यांस अध्यक्षपद सोडावें लागलें. त्या अपराधाचें माप त्यांच्या पदरीं पूर्ण घालावें. परंतु पुढील पापासाठीं मागील भाषणास शिक्षा देणें हा न्याय नव्हे.

१९६० ची निवडणूक केनेडी यांनीं जिंकली. सुमारें ६ कोटि ८८ लक्ष मतांत उभयतांमधील अंतर सव्वा लक्षाहूनहि कमी होतें. त्यांतील किती मतें युक्तिवादानें फिरलीं आणि किती चेहऱ्यानें, हें मोजण्यास तराजू नाहीं. मात्र राज्यकारभार कोणाच्या हातीं द्यावा, हें ठरवितांना मुद्रेचें तेज आणि मुद्द्याचें तेज यांतील भेद मतदारानेंच ओळखावयाचा असतो. तें काम त्याच्या वतीनें दुसरें कोणीहि करूं शकत नाहीं.