सिंगापूर: एका छपराखाली चार चवी

सिंगापूरला गेलात, तर एक वेळ तरी हॉकर सेंटरमध्ये जेवाच. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना पाणी, वीज आणि छप्पर मिळावं म्हणून सरकारने १९७०च्या दशकात ही केंद्रं उभारायला घेतली. २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मानाचं स्थान दिलं.

मॅक्सवेल या हॉकर सेंटरमध्ये हैनानी चिकन-राइस खा: कोंबडी उकडलेल्या पाण्यातच शिजवलेला भात, सोबत झणझणीत मिरचीची चटणी. शाकाहारी मंडळींना लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा मिळतो, शेजारीच भाजीबाजार. रात्री लाउ पा सात या केंद्राबाहेर कोळशावर साते, म्हणजे काडीला टोचलेलं मांस, भाजतात.

रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं, तर जागा धरलेली समजा. आणि जेवून झाल्यावर ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवा. तो तिथला नियमच आहे.