पोपट दुसऱ्या घरी जातो तेव्हा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

घरात पोपट आहे असं कळलं की येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बोलतो का हो?" बोलतो म्हटलं की दुसरा, "काय काय बोलतो?" तो खातो काय, झोपतो किती, आणि तुमच्यामागे त्याचं कोण बघणार, हे सहसा कोणी विचारत नाही. आज मला या न विचारलेल्या प्रश्नांबद्दलच बोलायचं आहे.

श्रोतेहो, मी बोलते आहे तो आपला हिरवा राघू नव्हे. राघू पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तरीही तो गल्लोगल्ली टांगलेला दिसतो, ते असो. माझ्याकडे आहेत ते आफ्रिकन ग्रे. राखाडी अंग, काळी चोच, फिकट पिवळा डोळा आणि शेपूट मात्र कुंकवासारखी लाल. वजन साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम. मूळचा हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या दाट जंगलांचा, घाना, कॅमेरून, काँगो या भागांतला रहिवासी.

याच्या बुद्धीचा पुरावा हवा असेल तर ॲलेक्सचं उदाहरण आहे. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधक बाईंनी 1977 साली शिकागोच्या एका साध्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून हा पोपट आणला. त्याला शंभराहून अधिक शब्द येत, रंग आणि आकार ओळखता येत, सहापर्यंत वस्तू मोजता येत, आणि दोन वस्तूंत सारखं काय, वेगळं काय, हेही तो सांगे. 2007 साली, वयाच्या 31 व्या वर्षी तो गेला. या जातीच्या मानाने हे वय काही फार नाही. नीट सांभाळला तर हा पक्षी माणसाच्या घरी चाळीस-पन्नास वर्षं जगतो.

नेमकी तीच अडचण आहे. हौसेने पोपट आणतो तो माणूस पन्नाशीचा असतो.

जंगलातली स्थिती वाईट आहे. घानामध्ये 1992 नंतरच्या पंचवीसेक वर्षांत यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. 2016 साली जोहान्सबर्गच्या परिषदेत त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी ठरली आणि 2017 च्या जानेवारीपासून ती लागू झाली. पण त्याआधीच जगभरच्या घरांत येऊन बसलेल्या पक्ष्यांचं काय? ते एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत राहतात. कोणाची बदली होते, कोणाकडे बाळ येतं, कोणी मरण पावतं.

आमच्याकडे राजा आला तो 2022 च्या जूनमध्ये. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचे मालक एक वयस्कर किराणा दुकानदार. दुकानाच्या मागच्याच खोलीत त्याचा पिंजरा असे. फेब्रुवारीत आजोबा गेले. नातवाला दम्याचा त्रास. या पोपटांच्या पिसांतून पांढरा भुगा सतत झडत असतो, टाल्कम पावडर सांडावी तसा, आणि दम्याच्या माणसाला तो खरोखर बाधतो. म्हणून मुलाने पिंजरा मागच्या गॅलरीत नेला. पक्ष्याला टाकून देणारी माणसं म्हणून मी त्यांना कधीच नावं ठेवली नाहीत. त्यांनी सोडून दिला नाही, हेच मोठं. पुष्कळ लोक "मुक्त केला" म्हणून असे पक्षी उडवून देतात. घरात वाढलेल्या या पाखराला इथे ना अन्न शोधता येत ना कावळ्यांपासून जीव वाचवता येत. ती मुक्ती दोन दिवसांची असते.

गॅलरीतल्या चार महिन्यांत राजाने छातीवरची आणि मांड्यांवरची पिसं स्वतःच उपटून काढली होती. चादरीने झाकलेला पिंजरा आमच्या हॉलमध्ये ठेवला तेव्हा आतून गुरगुरण्याचा आवाज येत होता, कुत्र्याचं पिल्लू गुरगुरावं तसा. ग्रे घाबरला की असाच गुरगुरतो. त्याला राग समजू नये.

माझ्याकडे आधीपासून एक ग्रे आहे, चिंगी. म्हणून राजाचा मुक्काम पहिले पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत. भांडी वेगळी, झाडू वेगळा, आणि चिंगीचं सगळं आवरून मगच राजाच्या खोलीत जायचं. नव्या पक्ष्याबरोबर चोच आणि पिसांचा विषाणू येऊ शकतो, त्याला औषध नाही. सिटॅकोसिस हा तापाचा आजार तर माणसालाही होतो. म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी आधी. त्याच रक्तावरून नर की मादी तेही कळतं, कारण ग्रे दिसायला दोन्ही सारखेच. आमचा राजा मादी निघाला! नाव बदलावं का, यावर घरात चर्चा झाली. आमचे हे म्हणाले, "नऊ वर्षं त्या नावाला ओ देतोय, आता बारसं कसलं करतेस?" तर नाव राजाच राहिलं, आणि बोलताना मीही त्याला 'तो'च म्हणते.

नव्या घरी आलेल्या पक्ष्यासाठी सुरुवातीला काय करायचं? जवळजवळ काहीच नाही. हे ऐकायला सोपं आणि करायला फार कठीण. घरच्यांना त्याला हातावर घ्यायचं असतं, शेजाऱ्यांना बघायचं असतं. मी पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावली, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही एवढी तरी त्याला खात्री. दांडी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि रोज दोन वेळा अर्धा अर्धा तास त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. अग्रलेख, बाजारभाव, छोट्या जाहिराती, सगळं. समोरून टक लावून बघणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे त्याच्या रक्तात आहे. पाठ करून बसलेल्या बाईची भीती कमी वाटते. दहाव्या-अकराव्या दिवशी मी वाचत असताना मागे दाणे फोडल्याचा आवाज आला. माणूस खोलीत असताना खाणं, ही पहिली पायरी.

खाण्याचं म्हणाल, तर तो नऊ वर्षं सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि चहात बुडवलेलं बिस्कीट यावर वाढला होता. प्रेमाने घातलेलं, पण चुकीचं. नुसत्या बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व अगदी कमी. ग्रे जातीत कॅल्शियम घटलं की पक्षी थेट आकडी येऊन दांडीवरून पडतो. तरी बिया एका दिवसात बंद करायच्या नाहीत. अनोळखी अन्न हा पक्षी अन्न म्हणून ओळखतच नाही. भरल्या वाटीसमोर तो उपाशी राहील. आम्ही बिया हळूहळू कमी केल्या आणि पक्ष्यांचा तयार दाणा, मोड आलेले मूग, वाफवलेला लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला एकेक करून दाखवला. दाखवला म्हणजे त्याच्यासमोर बसून मी स्वतः खाल्ला. शेवग्याचा कच्चा पाला काही फार रुचकर नसतो, हे आपलं जाता जाता. हिरवी मिरची मात्र त्याने पहिल्याच दिवशी मिटक्या मारत संपवली. पक्ष्यांना तिखट लागत नाही.

या काळात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा फार उपयोगी पडला. काट्यावर लाकडी दांडी बसवायची आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहायचं. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो. वजन लपवत नाही. आला तेव्हा राजा 378 ग्रॅम होता. दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं तर वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

आता आपल्या मराठी घरातल्या काही गोष्टी. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने शेजारच्या खोलीतला पक्षीसुद्धा काही मिनिटांत मरतो. माझ्याकडे आता लोखंडी तवा आणि बिडाची कढई. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल हे पक्ष्याच्या खोलीत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा, कॉफी नाही, आणि हल्ली बाजारात सर्रास दिसणारं ॲव्होकॅडो तर विषच. पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी. ऊन पाहिजे, पण खिडकीच्या काचेतून आलेलं नव्हे. हाडांना लागणारे किरण काच अडवते. म्हणून सकाळी अर्धा तास जाळीच्या गॅलरीत, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून, आणि आपण तिथेच बसून. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. टीव्हीवरच्या मालिका बघत जागणारा पोपट दुसऱ्या दिवशी चावतो, मग लोक म्हणतात स्वभाव वाईट.

हातावर यायला राजाला साडेतीन महिने लागले. पहिल्या आठवड्यात लक्ष ठेवून मी पाहिलं होतं की तो वाटीतला बदाम सगळ्यात आधी उचलतो. मग बदाम वाटीतून काढून टाकला. तो फक्त माझ्या बोटांतून मिळणार, आधी जाळीतून, मग उघड्या दारातून, मग हातावर पाय ठेवल्यावर. हातमोजे घालून किंवा टॉवेल टाकून पकडण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. औषधासाठी कधी ते करावं लागतं, ओळख करून घेण्यासाठी नाही.

चिंगीशी गाठ घालतानाही घाई केली नाही. "दोघं एकाच पिंजऱ्यात ठेवा, सोबत होईल," असं सगळे सांगतात. अशाने पायाची बोटं तुटलेले पक्षी मी पाहिले आहेत. आजही दोघांचे पिंजरे वेगळे आहेत. बाहेर असले की एकाच स्टँडवर बसतात, मध्ये हातभर अंतर. तेवढं त्यांना पुरतं असं दिसतं.

राजाचा आवाज आमच्याकडे आल्यावर दोन महिने बंदच होता. मग एका संध्याकाळी आतल्या खोलीतून एक म्हातारा माणूस खोकला. आमचे हे चपापून उठले. पाठोपाठ शटर ओढल्याचा आवाज आणि "चला, दुकान बंद!" आजोबांचाच आवाज. पुढे त्यांची मुलगी राजाला बघायला आली. ती चहा पीत असताना तो खोकला, आणि मग म्हणाला, "सुट्टे द्या हो." तिच्या हातातला कप तसाच राहिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काकू, बाबांची एकही रेकॉर्डिंग नाहीये आमच्याकडे." मी म्हटलं, "अगं, वाटेल तेव्हा ये." ती आता दोन-तीन महिन्यांनी येते, राजासाठी कणीस आणते. तो तिच्यासमोर बोलेलच असं नाही. काही दिवस ती नुसतीच बसून जाते.

छातीवरची काही पिसं आली, काही जागा कायमच्या उघड्या राहणार. वारंवार उपटल्याने मुळंच मेली, असं डॉक्टर म्हणाले. वजन आता 430 च्या आसपास.

मी 62 वर्षांची, राजा बारा, चिंगी सतरा. साधा हिशोब आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार अशा परदेशी पक्ष्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते, आणि पक्षी दुसऱ्याकडे देतानाही कळवावं लागतं. आमची नोंद झाली आहे. माझी भाची 26 वर्षांची आहे, तिने होकार दिला आहे. गेलं वर्षभर ती दर शनिवारी मुक्कामाला येते, पिंजरा धुते, वजन लिहिते. राजा अजून तिच्या हातावर जात नाही, पण तिच्याकडून बदाम घेतो. तिच्यासाठी मी एक वही केली आहे. डॉक्टर, औषधं, खाणं, कोणाला काय आवडत नाही, सगळं त्यात आहे. रात्री दिवा मालवताना "चला, दुकान बंद" असं म्हणायचं, हेही लिहून ठेवलं आहे. ते म्हटल्याशिवाय राजा झोपायच्या दांडीवर चढत नाही. भाची सध्या तो सूर बसवते आहे. आजोबा 'बंद' वर जरा ओढून बोलत, ते तिला अजून जमत नाही.