वास्ते, काटवल आणि 'प्लांट-बेस्ड'

आजचा भाग छोटाच आहे, भाजी निवडता निवडता ऐकून होईल.

'प्लांट-बेस्ड' हा शब्द हल्ली रीलवर रोज दिसतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस पडला की तरोटा, काटवल, वास्ते ताटात येतातच. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते उकळून पाणी फेकायचं, कारण कच्च्या कोंबात विषारी घटक असतो. आजी-आईला हे ठाऊक असतं.

फायदा काय? तंतुमय पदार्थ मिळतात, आणि जंगलातल्या भाजीला फवारणी नसते. मात्र बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. मासे, अंडी, दूध सगळंच सोडणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता महत्त्वाचं. रानातलं फुकट मिळतं असं वाटतं ना? मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया इथे वाघाच्या हल्ल्यात गेल्या आहेत. आणि जंगलावर हक्क मिळायलाही वेळ लागला. कायदा २००६चा, मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला २००९मध्ये. जंगल गावाच्या हातात राहिलं, तरच ही भाजी ताटात राहील.

म्हणून बाजारात काटवल घेताना उगाच घासाघीस करू नका. भेटू पुढच्या भागात!