उशाशी बसणारी



लेकीच्या बाळंतपणासाठी आईनं विमानात बसायचं, यात आता कुणाला नवल वाटत नाही. सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत डिंक, अळीव, खारकेची पूड आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. आमच्या गल्लीतूनच चौघीजणी जाऊन आल्या. मीही गेले, कॅलिफोर्नियाला. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात, लेबर रूमची सिस्टर म्हणून झाली. एकतीस वर्षं. बाळंतपणातलं नवीन काही तिथं मला कोण दाखवणार, असं मनात होतं.

दाखवलं ते लेकीच्या शेजारणीनं. बाई मूळची मेक्सिकोची, पन्नाशीच्या आसपासची. तिच्या दाराशी कायम एक भरलेली पिशवी असायची. मी लेकीकरवी विचारलं, "कुठं गावाला निघालात का?" ती म्हणाली, "नाही हो. मी डूला आहे. फोन कधी येईल सांगता येत नाही."

एका दुपारी तिनं ती पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. टेनिसचे दोन चेंडू, कंबर रगडायला. ओठांना लावायचं मलम, कारण कळा सोसताना तोंडानं श्वास घेऊन घेऊन ओठ फुटतात. वाकणारी नळी, पडल्या पडल्या पाण्याचा घोट घेता यावा म्हणून. हातपंखा, केस बांधायला रबर, कोरडे पायमोजे, फोनचा चार्जर, स्वतःसाठी मूठभर बदाम. आणि तळाशी एक लांबलचक हातमागाचं वस्त्र, घडी घातलेलं. त्याला ते लोक रेबोसो म्हणतात. माझ्या लेकीला तिनं हातागुडघ्यांवर टेकवलं, ते वस्त्र पोटाखालून घेतलं, दोन्ही टोकं धरली आणि चाळण हलवावी तसं हळूहळू हलवत राहिली. बघता बघता लेकीचा चेहरा सैल झाला.

मला माझी आजी आठवली. ती सांगायची, त्यांच्या वेळी आढ्याला दोर बांधायचे, अडलेली बाई तो धरून जोर द्यायची, आणि मागून एकजण तिच्या कमरेला गुडघा देऊन बसायची. सुईण पुढं, ही मागं. सुईणीला मान होता, साडीचोळी होती. मागच्या बाईला नावसुद्धा नव्हतं. जाऊ, आत्या, शेजारीण, जी हाताशी असेल ती.

डूला म्हणजे ती मागची बाई. ती नाळ कापत नाही, आतून तपासत नाही, रक्तदाब घेत नाही, औषध देत नाही. गरोदरपणात येऊन बोलते, कळा सुरू झाल्या की शेवटपर्यंत सोबत राहते, आणि नंतर घरी येऊन बाळाला पाजायला बसवते. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३च्या आपल्या पुस्तकात तो वापरला आणि तिथून तो रूढ झाला. ज्यांच्या आज्यापणज्या खरोखर गुलाम होत्या, अशा काही कृष्णवर्णी बायकांना तो अजून खुपतो, आणि ते मला रास्त वाटतं.

नुसतं जवळ बसल्यानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी एक जुनी गोष्ट सांगते. ग्वाटेमालातल्या एका गर्दीच्या रुग्णालयात मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाहणी केली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. तिथं बायका एकट्याच कळा सोसत असत. त्यांतल्या काहींजवळ एक अनोळखी, साधी, कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची, एवढंच. जिच्याजवळ कुणी होतं तिची सुटका सरासरी पावणेनऊ तासांच्या आसपास झाली. एकटीला एकोणीस तासांहून जास्त लागले. पाहणी लहान होती, हे सांगितलं पाहिजे. पण पुढं २०१७मध्ये सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही कल तोच निघाला. सोबत असलेल्यांच्या कळा कमी वेळ चालल्या, सिझेरियन कमी झाली, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी निघाल्या.

असं असूनही अमेरिकेत ही सोबत कितीतरी वर्षं खिशात पैसे असणाऱ्यांनाच मिळत होती. आणि गरज सर्वांत जास्त कुणाला? २०२३च्या सरकारी आकड्यांप्रमाणे तिथं दर लाख जिवंत जन्मांमागं गोऱ्या माता साडेचौदा दगावल्या आणि कृष्णवर्णी माता पन्नास. इतक्या श्रीमंत देशात! गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना आहे, मेडिकेड, ती देशातल्या दहांपैकी चार बाळंतपणांचा खर्च उचलते. तेव्हा डूलाचं बिल मेडिकेडनं भरावं, ही मागणी लावून धरली गेली.

मोठा अडसर होता एका शब्दाचा. नियम असा होता की प्रतिबंधक आरोग्यसेवा डॉक्टरनं किंवा परवानाधारक माणसानं 'दिलेली' असेल तरच पैसे मिळतील. डूलाजवळ परवाना नाही, म्हणजे विषय संपला. २०१३ साली केंद्र सरकारनं तो नियम बदलला. 'दिलेली'च्या जागी 'सुचवलेली' आलं. डॉक्टरनं सुचवावं आणि सेवा दुसऱ्यानं द्यावी, हे १ जानेवारी २०१४पासून चालू लागलं. एका क्रियापदानं वाट मोकळी केली. ओरेगन आणि मिनेसोटा ही राज्यं आधी पुढं आली, मग न्यू जर्सी, व्हर्जिनिया, आणि २०२३च्या १ जानेवारीपासून कॅलिफोर्निया. तिथंही सुरुवातीला प्रत्येकीला डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागे. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सगळ्यांसाठी मिळून एकच शिफारस काढली आणि चिठ्ठीची पायपीट थांबली.

दर ऐकून मात्र माझ्या पोटात कालवलं. ओरेगननं सुरुवातीला कळांच्या वेळच्या सोबतीचे दिले पंचाहत्तर डॉलर. रात्रभर जागून, पाठ रगडून पंचाहत्तर. तेवढ्यात कोण येणार? पुढं भेटी धरून सगळं मिळून साडेतीनशे झाले आणि २०२२मध्ये दीड हजार. कॅलिफोर्नियात पहिला प्रस्ताव साडेचारशेचा होता. बायका बोलल्या, सभांना गेल्या, म्हणून योजना सुरू होताना तो हजाराच्या वर गेला आणि २०२४पासून सगळं मिळून तीन हजारांच्या पुढं. त्यात बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या मिळून नऊ भेटी आल्या आणि बाळंतपणातली सोबत आली. वॉशिंग्टन राज्य साडेतीन हजारांपर्यंत देतं, पण राज्याचं प्रमाणपत्र घेतलेल्या डूलालाच.

आणि प्रमाणपत्र म्हटलं की अमेरिकेतल्या जुन्या बायका दचकतात. अलाबामात पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णी सुइणींनी बाळंतपणं केली, गोऱ्यांचीही केली. सरकारनं आधी त्यांना परवाने दिले, पिशव्या तपासल्या, वर्ग घेतले. मग १९७६च्या कायद्यानं परवान्यांची वाटच बंद केली. मार्गारेट चार्ल्स स्मिथ ही त्यांतलीच, तीन हजारांहून जास्त बाळंतपणं केलेली. सरकारी कागद हाती येतो तसा काढूनही घेतला जातो, हे त्या घरांतून माहीत आहे. शिवाय कागदासाठी शहरातला महागडा वर्ग करायचा म्हटलं, तर जिच्यापाशी हातगुण आहे तीच मागं राहते आणि जिच्यापाशी फी आहे ती पुढं जाते.

म्हणून कॅलिफोर्नियानं ठेवलेल्या दोन वाटा मला फार मोलाच्या वाटल्या. एक वाट शिकून येणारीची. किमान सोळा तासांचं शिक्षण आणि तीन बाळंतपणांत प्रत्यक्ष सोबत. दुसरी वाट करून आलेलीची. गेल्या सात वर्षांतली पाच वर्षं हे काम केलेलं असावं, पैसे घेऊन किंवा न घेता, आणि तीन पत्रं असावीत, तिला जाणणाऱ्यांची. 'पैसे न घेता' हे शब्द मी लेकीकडून दोनदा वाचून घेतले. बायकांचं फुकट केलेलं काम सरकारी कागदावर अनुभव म्हणून लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेजारीण या दुसऱ्या वाटेनं आलेली. तिला नोंदणीचा एक नंबर मिळाला, मेडिकेडचं काम बघणाऱ्या विमा कंपन्यांशी करार झाले. पण कळा चार तास चालोत की तीस तास, बाळंतपणाची रक्कम ठरलेली, आणि एका कंपनीकडून तर पाच महिने पैसेच आले नव्हते. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वही घेऊन बसायची. कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय केलं. "काय केलं, इथं काय लिहू?" ती मला विचारायची. "हात धरला, असं लिहायला रकाना नाही."

आपल्याकडं काय आहे? फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं, सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी बाईजवळ तिच्या घरातली एक स्त्री राहू द्या. तिनं स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं, कपडे स्वच्छ असावेत, डॉक्टर-नर्सच्या कामात मध्ये येऊ नये. चांगला निर्णय. पण जिला आणायला घरात कुणी नाही तिचं काय? ऊसतोडीच्या फडावरून येणारी, सासरी-माहेरी कुणी नसलेली, किंवा जिची सासू मजुरी बुडवून थांबू शकत नाही, ती? आशाताई तिला दवाखान्यापर्यंत आणतात. जननी सुरक्षा योजनेत खेड्यातल्या आशाताईंना एका बाळंतपणामागं सहाशे रुपये ठरले. त्यातले तीनशे गरोदरपणातल्या नोंदणी-तपासणीचे आणि तीनशे दवाखान्यात आणण्याचे. आणण्याचे पैसे आहेत. बसण्याचे वेगळे नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की ते असले पाहिजेत. आशाताईंना द्या, की गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला द्या, पण बसण्याला काम म्हणा आणि त्याचा धड मोबदला द्या.

आमच्या लेबर रूममध्ये सहा टेबलं होती. नातेवाईक दाराबाहेर, तसा नियमच होता. मी या टेबलावरून त्या टेबलाकडं धावायची. आमच्याकडं एक मावशी होत्या, फरशी पुसणाऱ्या, ट्रे धुणाऱ्या. काम उरकलं की जी बाई एकटी आलेली असेल तिच्या उशाशी स्टूल ओढून बसायच्या. तिचा हात आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "भिंतीकडं बघू नगंस बाय, माझ्याकडं बघ." कळ ओसरेपर्यंत दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत राहायच्या. एकदा, फार गर्दीच्या रात्री, मी त्यांना म्हटलं, "मावशी, बसलात काय, ट्रे तसेच पडलेत." त्या उठल्या. त्या बाईनं त्यांचा पदर धरून ठेवलेला होता, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. ते सोडवणं मी अजून विसरलेले नाही.

परत निघायच्या आधी शेजारीण म्हणाली, "तुमचा एवढा अनुभव, तुमची नोंदणी तर सहज होईल." मी लेकीला तो अर्ज पुन्हा वाचायला लावला. तीन बाळंतपणांत सोबत. मी मनात मोजू लागले. हजारो बाळं माझ्या हातांवर आली, पण पहिल्या कळेपासून शेवटच्या कळेपर्यंत एकीच्याही उशाशी मी बसले नव्हते. मावशी बसल्या होत्या. दुसऱ्या वाटेनं त्यांची नोंदणी झाली असती. तीन पत्रांपैकी एक मी लिहून दिलं असतं. पाच वर्षांचा अनुभव मागतात, मावशींची नोकरी सव्वीस वर्षांची होती. निवृत्तीच्या कागदावर त्यांचं पद लिहिलं होतं, सफाई कामगार.