कॅमशाफ्ट बदलला की ट्रॅक्टर जास्त ओढतो का?

आजचा विषय थोडा ग्रीस लागलेला आहे. आपल्या वसमत, कळमनुरी भागात ऊसतोड जवळ आली की गॅरेजसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: “मिस्त्री, गाडी ओढत नाही, दम वाढवून द्या.” पंप वाढवणं, टर्बो बसवणं हे तुम्ही ऐकलं असेल. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, व्हिडिओ बघून नवीनच विचारलं: “इंजिनिअर, कॅमशाफ्ट बदलू का?” मी कॉम्प्युटरवाला बीटेक. पण प्रश्न चांगला होता, म्हणून नीट बसून अभ्यास केला.

आधी कॅमशाफ्ट म्हणजे काय ते बघू. इंजिनमध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे म्हणजे लोब ठरवतात. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो. माझ्या भाषेत सांगायचं तर हे वेळापत्रक लोखंडात कोरलेलं आहे. सॉफ्टवेअरसारखं अपडेट मारता येत नाही.

अमेरिकेत डिझेल पिकअपवाले जड ट्रेलर ओढायला वेगळा कॅम बसवतात, हे खरं आहे. पण त्या कॅमचा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो असं समजू नका. ओढायच्या कॅमचं उलट असतं. हवेचा व्हॉल्व्ह लवकर मिटला तर कमी आरपीएमलाही सिलिंडरमध्ये हवा पूर्ण कोंडली जाते, आणि खालचा टॉर्क सुधारतो. उशिरा मिटला तर कमी वेगात थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. रेसच्या गाडीला ते चालतं, कारण तिथे आरपीएम जास्त असतो. उसाच्या ट्रॉलीला नाही.

आणि आपला ट्रॅक्टर मुळातच ओढायला बनवलेला आहे. त्याचा कॅम कमी आरपीएमच्या टॉर्कसाठीच घडवलेला असतो. कंपनीने जे आधीच केलंय, त्यात आपण काय वाढवणार? शिवाय डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर व्हॉल्व्हसाठी जागा फारच थोडी उरते. जास्त उंच लोब बसवला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. मग पुशरॉड वाकतो, पिस्टन जातो, आणि ऐन सीझनमध्ये इंजिन खोलून बसावं लागतं.

आता जरा हिशोब करू. समजा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून १५ टन वजन. १०० मीटरला ४ मीटर चढ. नुसता चढ चढायला ६०० किलोचा जोर लागतो, रस्त्याचा विरोध धरला तर साधारण ९००. चाकापर्यंत ४० एचपी पोचत असेल तर वेग निघतो ताशी १२ किलोमीटर. सगळं जमून आलं आणि ताकद १० टक्के वाढली, तर वेग होईल १३ च्या थोडा वर. एवढ्यासाठी इंजिन खोलायचं? आणि ओल्या रानात तर ताकदीचा प्रश्नच नसतो, तिथे चाकच जागेवर फिरतं. तिथे टायरची पकड बघायची, कॅम नाही.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. तोच ४ मीटरचा उतार आला की तेच ६०० किलो मागून ढकलतात. कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. ओढायची ताकद वाढवली की माणूस भार वाढवतो. ब्रेक मात्र तेवढेच राहतात. रात्रीचा रस्ता, पुढे सायकलवर कोणीतरी, ट्रॉलीला मागे रेडियम नाही. दादाला मी एवढंच म्हणालो, “वहिनी रात्री बारापर्यंत वाट बघत बसते, ती तुझ्या पिकअपसाठी नाही.”

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. अपघात झाला आणि विम्याचा वाद निघाला तर हाच मुद्दा अंगावर येऊ शकतो.

मग ट्रॅक्टर खरंच ओढत नसेल तर? क्रमाने जा. एअर फिल्टर साफ करा. नोझल तपासून घ्या. फिलर गेज लावून टॅपेट सेटिंग करा, फट मॅन्युअलमध्ये दिलेलीच ठेवा. मग कॉम्प्रेशन आणि पंपाचं टायमिंग. एवढं करूनही काळा धूर आणि दम कमी असेल, तर मिस्त्रीला डायल गेज लावून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजायला सांगा. एखादा कमी उघडत असेल तर तिथला लोब झिजला असू शकतो. तेव्हा कॅम जरूर बदला, पण कंपनीच्या मापाचाच, आणि टॅपेटही सोबत नवे टाका. जुने टॅपेट नवा लोब खातात. ऑइल वेळेवर बदललं तर ही वेळ लवकर येत नाही.

दादाचा हवेचा फिल्टर मातीने भरलेला निघाला आणि दोन नोझल थेंब सोडत होते. कॅमसाठी ठेवलेल्या पैशांतून त्याने ट्रॅक्टरचे ब्रेक करून घेतले आणि दोन्ही ट्रॉल्यांना रेडियम लावलं.

तुमच्याकडे कोणी ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतले असतील, तर कसे बसवले ते मला नक्की कळवा, त्यावर एक वेगळा भाग करू. तोपर्यंत सावकाश चालवा. भेटू, नमस्कार!