तेल कोणाच्या हुकमाने?



ऊर्जास्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे पेट्रोलचे भाव चढले की सुरू होते आणि ते थोडे उतरले की विरते. वस्तुतः हा प्रश्न केवळ भावाचा नाही. निर्णयाच्या अधिकाराचा आहे.

१९६० सालची घटना कार्यकर्त्यांनी या दृष्टीने अभ्यासावयास हवी. तुर्भे व विशाखापट्टणम येथील तेलशुद्धीकरण कारखाने तेव्हा स्टॅनव्हॅक, बर्मा शेल व कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या मालकीचे होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झालेल्या करारांनी कच्चे तेल आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून आणण्याची मुभा त्यांना दिली होती. सोव्हिएत रशियाने कमी दराने, आणि तेही रुपयांत, तेल देऊ केले. कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास साफ नकार दिला. कारखाना भारतात, कामगार भारतीय, गिऱ्हाईकही भारतीय. पण टाकीत कोणते तेल पडावे हे लंडन-न्यूयॉर्कने ठरवावयाचे! सरकारने करारापुढे मान तुकविली. रशियन देकार समोर आल्याने कंपन्यांना आपले दर काहीसे उतरवावे लागले, एवढाच काय तो लाभ.

केशवदेव मालवीय यांनी मात्र यातून सुटण्याचा मार्ग आधीच धरला होता. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. परदेशी तज्ज्ञ भारतात तेल मिळण्याबद्दल नाके मुरडीत असताना १९५८ साली खंबातला व १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांतच चौपट झाले. आणि १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल शोधले. १९७४ ते १९७६ या काळात त्या तिन्ही कंपन्याही राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९८५ च्या सुमारास देशाची सुमारे दोन-तृतीयांश गरज देशी तेल भागवीत होते. खाजगी भांडवलाने हे केले नसते. कोरड्या विहिरींचा खर्च सोसण्याची त्याची वृत्ती नसते. सार्वजनिक आयोगाने शोधलेली पन्ना-मुक्ता क्षेत्रे १९९४ साली रिलायन्स व एन्रॉन यांच्या भागीदारीत दिली गेली, तेव्हा या खर्चाचा हिशेब कोणी मांडला?

पुढे मागणी वाढत गेली, देशी उत्पादन रखडले. १९९० साली इराकने कुवेत गिळताच तेलाचे बिल फुगले आणि १९९१ साली रिझर्व्ह बँकेचे सोने परदेशी गहाण पडले. त्या पाठोपाठ आलेल्या आर्थिक धोरणाची चर्चा करताना हा क्रम पुष्कळदा विसरला जातो.

आज कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आयातीने भागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रशियन तेल घेतो म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. १९६० साली नकार कंपन्यांचा होता, येथे थेट सरकारचा. आणि भार पडला तो सुरतेच्या हिरे कारागिरावर, तिरुपूरच्या शिलाई कामगारावर.

सूर्यशक्ती हा उपाय खराच. परंतु सौरपट्ट्यांना लागणारे पॉलिसिलिकॉन मुख्यत्वे चीनमध्ये तयार होते. तेलासाठी जसा आयोग उभारला, तसा सार्वजनिक उद्योग येथे का उभारू नये? आणि एस. टी. व रेल्वे यांवर खर्च करण्याऐवजी खाजगी मोटारींसाठी रस्ते रुंदावीत राहिल्यास आयात कशी घटणार, याचेही उत्तर नियोजनकारांना द्यावे लागेल.